नवरदेवाच्या पँटीवरची गोधडी

दालवा शिडीवरून पडली तेव्हा तिच्या हातात पताकांची माळ होती आणि शिडी धरायचं काम तिच्या नवऱ्याकडे, म्हणजे एल्पीदियोसाहेबांकडे होतं. साहेबांनी शिडी सोडली नव्हती, हे आधीच स्पष्ट केलेलं बरं, कारण पेद्रा मान्सा गावात याबद्दल नको नको ते बोललं जातं. माळ सरळ रेषेत लागली आहे की नाही हे पाहायला ते फक्त अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले होते. माळ तिरकी आहे एवढं सांगून होईपर्यंत दालवा, माळ आणि शिडी अशा तिन्ही गोष्टी खाली आल्या.

मनगट मोडलं, तेही उजवं. डॉक्टरांनी कोपरापर्यंत प्लास्टर घातलं, हात गळ्यात बांधला आणि सांगितलं, "सांजांवचा सण होऊन जाईपर्यंत या हाताला काम नाही."

"सुई धरली तर चालेल?" दालवाने विचारलं.

डॉक्टर हसले. दालवा हसली नाही, कारण सगळं त्या सुईवरच अडलं होतं.

त्यांची एकुलती एक मुलगी जुसारा शेतकी शिकली होती आणि तिला दूर दक्षिणेत, डोंगरातल्या सफरचंदांच्या बागांवर नोकरी लागली होती. जूनअखेरचा हा सांजांव संपला की लगेच पहाटेच्या बसने ती निघणार होती. आता दालवाच्या माहेरी एक रीत आहे. मुलगी घराबाहेर पडते तेव्हा घरातल्या सगळ्या माणसांच्या जुन्या कपड्यांची गोधडी तिच्याबरोबर जाते. मग ती लग्न करून जावो, नोकरीला जावो की भांडून जावो. दालवा स्वतः भांडूनच निघाली होती, कारण तिच्या घरच्यांना एल्पीदियो नावाचा कारकून पसंत नव्हता. तरीसुद्धा तिची गोधडी मागाहून एका ओळखीच्या ड्रायव्हरच्या हातून आली. बरोबर निरोप काही नव्हता, नुसती गोधडी होती. त्या गोधडीवर दालवा पहिल्या दिवशी जशी रडली, तसं तिला नंतर कधी कोणी रडताना पाहिलं नाही.

जुसाराच्या गोधडीचे चौकोन कापून, कडा दुमडून, इस्त्री करून एका पेटीत तयार होते. जोडायचं, अस्तर लावायचं, कापूस भरायचा आणि धावदोरा घालायचा एवढंच राहिलं होतं. दालवाने डाव्या हाताने पेटीचं झाकण लावलं आणि म्हणाली, "राहू दे आता. तिकडे ब्लँकेटं मिळतात."

"खोलीत हीटर आहे गं आई," जुसारा म्हणाली. "गोधडी नसली म्हणून काही अडत नाही."

"हो," दालवा म्हणाली.

तो 'हो' ऐकून एल्पीदियोसाहेब पाव चावायचे थांबले. इतक्या वर्षांत दालवाने त्यांच्याशी भांडताना भांडी आपटली होती, दारं आपटली होती, एकदा तर कोंबडीही आपटली होती. पण असा 'हो' तिने फक्त तिची आई गेल्याची तार आली तेव्हा म्हटला होता.

"मी शिवतो," साहेब म्हणाले.

दोघी त्यांच्याकडे बघायला लागल्या.

"बघता काय? नोंदणी कचेरीत सगळी दप्तरं कोण शिवायचं? टोच्याने भोक, मेण लावलेला दोरा, तीन गाठी. मी शिवलेला गठ्ठा आजवर एका वकिलाला उसवता आलेला नाही."

"बाबा, कापडाला टोच्या मारत नाहीत," जुसारा म्हणाली.

"तत्त्व तेच आहे," साहेब म्हणाले.

माणसाने अशी गोष्ट घरात ठरवावी आणि घरातच ठेवावी. पण साहेब सकाळची कॉफी प्यायला आंब्रोसियोच्या बेकरीत जात, आणि निवृत्त माणसाला बेकरीत सांगण्यासारखं रोज काही असतंच असं नाही. त्यांनी सांगितलं. कॉफीचा पेला खाली ठेवेपर्यंत सल्ले सुरू झाले. एकाने सांगितलं, चौकोन आधी मिठाच्या पाण्यात भिजवा, नाहीतर रंग सुटेल. दुसऱ्याने सांगितलं, मीठ अजिबात नको, कापड कुजेल, माझ्या मामीची अख्खी गोधडी अशीच गेली. मधून सुरुवात करा, कडेने सुरुवात करा, दोरा ओला करा, दोऱ्याला मेण लावा. पंपावरच्या माणसाने दोऱ्याला ग्रीस लावायला सांगितलं. स्वतः आंब्रोसियो, ज्याचं पोट त्याच्या आधी बेकरीच्या बाहेर येतं, तो पीठ मळता मळता म्हणाला, "साहेब, मुख्य गोष्ट म्हणजे घाई करायची नाही. कापडाला झाकून ठेवा आणि विश्रांती द्या. आपोआप फुगतं."

साहेबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि घरी येऊन आपल्या पद्धतीने काम सुरू केलं. त्यांनी आधी सगळे चौकोन तारखेप्रमाणे लावले. सर्वांत जुना कपडा डावीकडे वर, सर्वांत नवा उजवीकडे खाली.

दालवा खुर्चीतून बघत होती. "म्हणजे एका टोकाला सगळे मेलेले आणि दुसऱ्या टोकाला सगळे जिवंत, असंच ना?"

साहेबांनी मुकाट्याने चौकोन पुन्हा मिसळले.

पहिल्या दिवशी त्यांनी दोन चौकोन जोडले. उठायला गेले तेव्हा कळलं की तिसरी गोष्टही जोडली गेली आहे, आणि ती म्हणजे त्यांची स्वतःची पँट. दुसऱ्या दिवशी शिवण उत्तम झाली, फक्त एक चौकोन उलटा लागला. बोटात घालायचं अंगुस्तान त्यांना मोठं व्हायचं, म्हणून ते दर वेळी घरंगळत पलंगाखाली जायचं आणि मागोमाग साहेबही जायचे. अंगठ्याला, तर्जनीला आणि मधल्या बोटाला पट्ट्या आल्या.

"टाका लहान घे, एल्पीदियो."

"हा लहानच आहे."

"लहान? यातून मांजर जाईल."

माणसाचा सन्मान ही नाजूक चीज आहे. साहेबांनी पेटी उचलली, सामानाच्या खोलीत गेले आणि आतून कडी लावली. यापुढे काम गुप्तपणे होईल आणि गोधडी तयार झाल्यावरच बाहेर येईल, असं त्यांनी दाराआडून जाहीर केलं. आत बरेच दिवस घाम गाळून जे तयार झालं ती तीन चौकोनांची एक पट्टी होती, आणि तिचा आकार एखाद्या भांडणातल्या जमिनीच्या नकाशासारखा होता.

तेव्हा त्यांनी झुल्मीराबाईंचा विचार केला.

झुल्मीराबाई चर्चशेजारी राहतात आणि गावातलं सगळं शिवणकाम त्यांच्या मशीनवर होतं. त्यांना दोन दिवसांचं काम. चौकोन जोडून आणायचे, वरून दोन-चार टाके आपल्या हाताने घालायचे आणि दालवासमोर ठेवायचे, असा बेत ठरला. यात खोटं काही नव्हतं. मदतनिसाचं नाव गाळलं जाणार होतं, इतकंच. मात्र पेटी उघडपणे नेऊन दिली असती तर पुढच्या कॉफीच्या आत बेकरीला कळलं असतं. म्हणून रविवारी सगळं गाव चर्चमध्ये मिस्साला गेलेलं असताना साहेब पेटी घेऊन निघाले आणि झुल्मीराबाईंच्या ओसरीवर ठेवून आले. ओसरीवर आधीच बऱ्याच पिशव्या, खोकी आणि गाठोडी पडली होती. केवढं काम असतं या बाईला, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी आपली पेटी सगळ्यांच्या वर ठेवली, कारण कचेरीत तातडीचं प्रकरण वरच ठेवायची पद्धत होती. चिठ्ठी ठेवावी असंही त्यांना वाटलं. पण चिठ्ठी म्हणजे पुरावा, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? एक-दोन दिवसांनी सहज फिरत जाऊन सांगू, असं त्यांनी ठरवलं.

आता ओसरीवर इतकी गाठोडी का होती? सांजांवच्या नाचात सगळे जण खेडवळ शेतकऱ्याच्या वेशात येतात आणि कपड्यांवर रंगीबेरंगी ठिगळं लावतात. ज्याच्या अंगावर ठिगळं कमी, त्याला पेद्रा मान्सात कंजूष समजतात. म्हणून सणाच्या आधी घरोघरच्या चिंध्या झुल्मीराबाईंच्या ओसरीवर येऊन पडतात आणि बाई नाचणाऱ्यांच्या कपड्यांना त्यांची ठिगळं लावून देतात. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. एल्पीदियोसाहेबांनाही माहीत होतं, फक्त त्या दिवशी आठवलं नाही.

दोन-तीन दिवस सन्मानाने जाऊ दिल्यावर ते फिरत फिरत झुल्मीराबाईंच्या फाटकाशी थांबले. बाई दारातच उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा नुसता फुलला होता.

"साहेब, यंदा काय ठिगळं मिळालीत म्हणून सांगू! दरवर्षी लोक काय देतात? फाटकी पायपुसणी, पडद्याची टोकं. यंदा कोणा देवमाणसाने पेटीभर चौकोन ठेवले! सगळे एका मापाचे, कडा दुमडलेले, वर इस्त्री! मी म्हटलं, अशा माणसाच्या कष्टांचं चीज झालं पाहिजे. एकही वाया घालवला नाही. सगळ्यांच्या कपड्यांवर वाटून लावले."

साहेब पायरीवर बसले.

"कोणी ठेवले असतील हो?" बाईंनी विचारलं.

"देवमाणसाने," साहेब क्षीण आवाजात म्हणाले, आणि मग त्यांना सगळं सांगावं लागलं.

झुल्मीराबाईंनी दोन्ही हात डोक्याला लावले. "अहो, मग मला एका शब्दाने सांगायचं नाही? आणि आता कपडे माझ्याकडे कुठे आहेत? सगळे सभागृहात जाऊन पडले!"

नाचाचे कपडे सणापर्यंत कोणाच्या दृष्टीला पडू नयेत म्हणून चर्चच्या सभागृहात कुलूपबंद ठेवतात. किल्ली उत्सव समितीचा सचिव ओलेगारियो याच्याकडे असते. या ओलेगारियोला आयुष्यात दुसरी कुठली सत्ता मिळालेली नाही.

"अर्ज करा," ओलेगारियो म्हणाला.

"अरे, आपण शेजारी आहोत."

"म्हणूनच अर्ज घेतोय. परक्याला मी दारात उभं केलं नसतं. आणि सही साक्षांकित करून आणा, नोंदणी कचेरीतून. उद्या कोणीही उठून म्हणेल मी एल्पीदियो आहे."

नोंदणी कचेरीत साहेबांच्या जुन्या टेबलामागे आता वांदेरलेय बसतो. त्याला साहेबांनीच तयार केलं होतं आणि त्याचा त्यांना अभिमान होता. त्या सकाळपर्यंत होता. वांदेरलेयने त्यांना खुर्ची दिली, कॉफी मागवली, अर्जावर सही घेतली, कपाटातून साहेबांच्या सहीचा नमुना काढला आणि दोन्ही सह्या शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघत राहिला.

"साहेब, ही सही तुमची नाही."

"अरे, आत्ता तुझ्यासमोर केली!"

"ए-चं वळण वेगळं आहे. द-चा पाय लटपटतोय. शेवटचा फराटा तर नाहीच."

"बोटांना पट्ट्या आहेत, बाबा! सुया टोचल्यात! मी तुझ्यासमोर जिवंत उभा आहे, तू मला ओळखतोस!"

वांदेरलेयला खरंच वाईट वाटत होतं. "साहेब, माणूस समोर उभा असणं हा पुरावा नव्हे, असं तुम्हीच शिकवलंत. एका म्हातारीला तुम्ही चार वेळा परत पाठवलं होतंत. मी त्या दिवशी तुमच्याकडे बघून शिकलो."

नवा नमुना देता आला असता, पण त्यासाठी राहत्या घराचं वीजबिल लागतं आणि वीजबिल दालवाच्या नावावर होतं. दालवाला काय सांगून बिल मागायचं? साहेबांनी अर्जाची घडी केली, खिशात घातली आणि ते मागच्या दाराने बाहेर पडले. आपल्या कचेरीचं मागचं दार त्यांना त्या दिवशी प्रथमच उपयोगी पडलं.

घरी आणखी वाईट परिस्थिती होती. तिथे सगळे खुशीत होते. साहेब रोज सामानाच्या खोलीत कडी लावून बसायचे आणि वर्तमानपत्रावर कात्री चालवायचे, म्हणजे बाहेर आवाज यावा. बाहेर दालवाने एका हाताने अस्तराचं कापड धुतलं. जुसाराला पाठवून नवा कापूस आणवला. "कुठवर आलं?" असं ती दाराबाहेरून विचारायची, "होतंय," असं साहेब आतून सांगायचे, आणि मग ती गुणगुणत स्वयंपाकघरात जायची. शिडीवरून पडल्यापासून तिने गुणगुणणं सोडलं होतं. ते गुणगुणणं साहेबांना कुठल्याही सुईपेक्षा जास्त टोचायला लागलं. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता सांजांवची संध्याकाळ आली.

चर्चपुढच्या मैदानात शेकोटी पेटली. पताका लागल्या होत्या, आणि सरळ लागल्या होत्या. मक्याची खीर, शेंगदाण्याची चिक्की आणि आलं-लवंग घालून उकळलेली उसाची दारू यांचा वास थंड हवेत मिसळला होता. पुढच्या बाकावर गळ्यात हात बांधलेली दालवा, तिच्या एका बाजूला जुसारा आणि दुसऱ्या बाजूला आंघोळ करून, भांग पाडून बसलेले, चेहऱ्यावर रक्त नसलेले एल्पीदियोसाहेब. अकॉर्डियन सुरू झालं. जोड्या हात धरून मैदानात आल्या.

"पाऊस आला!" नाच सांगणारा ओरडला, आणि सगळ्या जोड्या डोक्यावर हात धरून मागे फिरल्या.

"खोटं, खोटं!" असं ओरडत त्या पुन्हा पुढे आल्या.

"एल्पीदियो," दालवा म्हणाली.

"हं."

"त्या पहिल्या जोडीतल्या पोरीच्या झग्यावर आपल्या जुसाराच्या शाळेचा गणवेश आहे."

"तसलंच एखादं कापड असेल."

"त्यावर शाईचा डाग आहे. तो डाग मी स्वतः घासलाय." जोड्या वळल्या. दालवा पुढे वाकली. "आणि त्या खोट्या पाद्रीच्या कोपरावर तुझा लग्नातला सदरा. आणि तो हिरवा पट्टा माझ्या भावाचा. एल्पीदियो, हे काय आहे?"

नाचाच्या मध्यावर दरवर्षी एक खोटं लग्न लागतं आणि नवरदेव दरवर्षी आंब्रोसियोच असतो. तो वाजतगाजत आला. नवरीसमोर वाकून त्याने मुजरा केला, आणि वाकताना त्याची पाठ साहजिकच प्रेक्षकांकडे झाली. पँटीच्या मागच्या खिशावर एक जुनं, विटक्या निळ्या फुलांचं चीट होतं.

दालवाने श्वास घेतला. "ती माझी आई आहे," ती म्हणाली. "आंब्रोसियोच्या ढुंगणावर माझी आई आहे."

तेव्हा साहेबांनी सगळं सांगितलं. शिवण, पट्टी, पेटी, ओसरी, अर्ज, सही, वीजबिल, सगळं एका दमात.

"म्हणजे इतके दिवस तुम्ही आत शिवतच नव्हता?" जुसाराने विचारलं.

"तीन तुकडे शिवले," साहेब जमेल तेवढ्या सन्मानाने म्हणाले. मग दालवाकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "तू गुणगुणायला लागली होतीस. मला सांगवेना."

दालवाने मैदानाकडे तोंड फिरवलं. मैदानात खोट्या पाद्रीने पुस्तक उघडलं आणि दरवर्षीचा प्रश्न विचारला, "या लग्नाला कोणाची हरकत आहे काय?" या ठिकाणी नवरीच्या बापाने लाकडी बंदूक घेऊन धावत यायचं असतं. तो बंदूक सावरत होता, तेवढ्यात दालवा उभी राहिली.

"माझी आहे!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. यंदा खेळात नवीन काहीतरी घातलंय असं सगळ्यांना वाटलं. दालवा प्लास्टरचा हात सांभाळत मैदानाच्या मध्यभागी जाऊन उभी राहिली.

"नवरदेवाची पँट माझी आहे!"

लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडले. आंब्रोसियोही मुरलेला नट. तो पोटावर हात ठेवून म्हणाला, "बाई, पँट माझी, आतलं पोटही माझं. यात तुमचं काय?"

"मागच्या खिशावरचं ठिगळ. ते माझ्या आईच्या झग्याचं आहे," दालवा म्हणाली, आणि तिचा आवाज असा काही झाला की अकॉर्डियनवाल्याने बोटं उचलली. "परवा पहाटे माझी लेक जाणार. तिच्याबरोबर द्यायची गोधडी मी दोन वर्षं जमवत होते, आणि ती गोधडी तुम्ही सगळे अंगावर घालून नाचताय."

हसणं थांबलं. नाचणारे आपापल्या कोपरांकडे, गुडघ्यांकडे बघायला लागले. गर्दीतून झुल्मीराबाई पुढे आल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या, "खरं आहे. माझ्याच हातून लागलीत."

खोट्या लग्नात एक खोटा फौजदारही असतो. पत्र्याचा बिल्ला लावलेल्या त्या फौजदाराने शिट्टी फुंकली. "कोणी हलायचं नाही! सगळी ठिगळं जप्त!"

"पण त्यासाठी रीतसर अर्ज..." ओलेगारियो पुढे होत म्हणाला.

"याला आधी आत टाका!" फौजदार ओरडला, आणि दोन खोट्या शिपायांनी ओलेगारियोला खरोखरच उचलून चिक्कीच्या दुकानामागे नेऊन बसवलं. लोकांना आवडलेला हा त्या वर्षीचा सर्वांत चांगला प्रवेश होता.

कात्री आणायला लोक धावले, तेव्हा दालवाने हात वर केला. "थांबा. आधी नाच पुरा करा. आईला नाच फार आवडायचा."

मग तो नाच असा काही झाला की विचारू नका. प्रत्येक जण आपल्या अंगावरचं ठिगळ दालवाला दिसेल अशा बेताने तिच्यासमोरून गिरकी घेत होता. जुसाराचा गणवेश गेला, साहेबांचा सदरा गेला, मामाचा हिरवा पट्टा गेला, आणि शेवटी निळ्या फुलांचं चीट मिरवत आंब्रोसियो उलटा चालत गेला. जुसारा आधी हसत होती. नंतर तिने आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि ते बराच वेळ उचललं नाही. नाच संपला तसे सगळे शेकोटीभोवती बसले आणि एकमेकांची ठिगळं उसवायला लागले. काहींनी घाईत खालच्या कपड्यासकट कापून दिली. आंब्रोसियोचं चीट इतकं जुनं होतं की उसवलं असतं तर विरूनच गेलं असतं, म्हणून तो आडोशाला गेला आणि अख्खा खिसाच कापून दिला. त्या रात्री तो कमरेला टेबलावरचं कापड गुंडाळून घरी गेला, तरी वाटेत सल्ला द्यायला विसरला नाही. "साहेब, मी सांगितलं होतं. कापडाला विश्रांती द्यायला हवी होती."

दुसऱ्या दिवशी सणाची सुट्टी होती. दालवाच्या ओसरीवर हातगाडीवरून झुल्मीराबाईंचं मशीन आलं आणि मागोमाग बायका आपापल्या सुया घेऊन आल्या. चौकोन मूळ संख्येपेक्षा जास्तच भरले होते, कारण काहींनी परत करताना आपल्या घरचाही एकेक तुकडा जोडला होता. गोधडी पलंगापेक्षा मोठी होत चालली. एल्पीदियोसाहेबांना कॉफी करायच्या कामावर लावण्यात आलं. त्यांनी ते काम निमूटपणे केलं, फक्त पेले रांगेत सरळ ठेवले.

दुपार कलली तेव्हा एक कोपरा तेवढा राहिला होता. दालवाने निळ्या फुलांचा खिसा उचलला आणि नवऱ्यापुढे धरला.

"हा तू शिव."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. साहेबांनी खिशातून मेण लावलेला दोरा काढला. कचेरीतलं ते शेवटचं रीळ त्यांनी अजून जपून ठेवलं होतं. पट्ट्या बांधलेल्या बोटांनी त्यांनी डावी बाजू शिवली, खालची शिवली, उजवी शिवली, तीन गाठी मारल्या आणि दोरा तोडला.

"साहेब, वरची बाजू राहिली," झुल्मीराबाई म्हणाल्या. "खिसा उघडाच आहे."

"राहू द्या," साहेब म्हणाले.

दालवाने टाके जवळून पाहिले. "यातून अजून मांजर जाईल."

"पण निघायचे नाहीत."

"नाही," दालवा म्हणाली. "तुझे निघायचे नाहीत." आणि तिने डावा हात त्यांच्या केसांतून फिरवला, सगळ्यांच्या देखत.

जुसारा गेली. घर काही दिवस मोठं मोठं वाटलं. दालवाचं प्लास्टर निघालं, साहेबांच्या पट्ट्या निघाल्या, आणि त्यांनी वांदेरलेयकडे जाऊन मुद्दाम एक सही करून दाखवली, फराट्यासकट. मग जुलैतल्या, म्हणजे तिकडच्या ऐन थंडीतल्या, एका संध्याकाळी फोन आला. दालवाने उचलला.

"आई, इथे बादलीतलं पाणी गोठलंय. आणि हीटर बंद पडला."

"अगं बाई! मग?"

"मग काय, गोधडी आहे ना. बरोबरच्या मुली बघून जातात रोज. बाबांना दे जरा."

साहेबांनी फोन घेतला आणि घसा साफ केला.

"बाबा, एक विचारू? गोधडीला खिसा कशाला ठेवलात?"

त्या दिवशी खिशाचं तोंड शिवायला त्यांचा हात का धजला नाही, हे साहेबांना स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. त्यांनी दालवाकडे पाहिलं. ती नुकताच मोकळा झालेला हात चोळत कान देऊन उभी होती.

"तो तुझ्या आजीचा तुकडा आहे," ते म्हणाले. "थंडी वाजली की त्यात हात घालायचा."

दालवा फोनच्या आणखी जवळ सरकली.

"घातलाय, बाबा," जुसारा म्हणाली. "केव्हाचा घातलाय."